चांद्रयान उडवणाऱ्या रॉकेटचे भाग इंदापूर तालुक्यात बनले, मग पणदऱ्याच्या पोरांना इस्रो एवढं लांब का वाटतं?

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. २८ फेब्रुवारी, शाळेत विज्ञान दिनाचं व्याख्यान. पटांगणात सतरंज्या टाकलेल्या, प्रोजेक्टर लावलेला, पण भर दुपारच्या उजेडात पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. पुण्याहून आलेले पाहुणे चंद्र, मंगळ, अब्दुल कलाम, कल्पना चावला असं सगळं वीस मिनिटांत सांगून गेले. शेवटी म्हणाले, कुणाला काही शंका?

मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. म्हणाला, "सर, इस्रोत जायचं असेल तर फॉर्म कुठं मिळतो?"

सगळी शाळा हसली. पाहुणेपण हसले आणि म्हणाले, "बाळा, आधी अभ्यास कर." मग आभार प्रदर्शन झालं, वंदे मातरम् झालं आणि आम्ही घरी गेलो.

हसणाऱ्यांत मीही होते. आता वाटतं, त्या दिवशी सगळ्यात कामाचा प्रश्न त्या पोरानंच विचारला होता. आणि त्याचं उत्तर व्याख्यानात नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे, सध्या अशा छोट्या व्याख्यानांचे दिवस आहेत. हवामान बदल, अवकाशातलं करिअर, इंजिनिअरिंग हे तीन विषय तर ठरलेलेच. १५-२० मिनिटं बोलायचं, थोडे प्रश्न घ्यायचे, व्हिडिओ काढून टाकायचा. शाळा, कॉलेज, गणपती मंडळ, सगळीकडं हे चालतं. पण या वीस मिनिटांतून गावाकडच्या पोराच्या हातात नेमकं काय पडतं?

हे बघायला आपण एक गाव घेऊ. बारामती तालुक्यातलं पणदरे.

आधी हे बघू, की ही व्याख्यानं एवढी वाढली कशी?

२८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रमण यांनी आपला शोध जाहीर केला, त्याला आपण रमण परिणाम म्हणतो. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन होतो. त्यात २३ ऑगस्टची भर पडली. २०२३ मध्ये या तारखेला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं आणि हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. म्हणजे शाळांना वर्षातून दोनदा पाहुणे बोलवायला हक्काचं निमित्त मिळालं.

२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. तिथं पोहोचलेले ते पहिले भारतीय. तिथून ते आपल्या शाळकरी मुलांशी बोललेसुद्धा. त्याच वर्षी पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या संस्थेच्या मदतीनं आपल्या शाळांमधल्या सहावी-सातवीच्या मुलांची परीक्षा घेतली. त्यातून ७५ मुलं निवडली. २५ जणांना नासा दाखवायचं आणि ५० जणांना इस्रो. झेडपीच्या शाळेतली पोरं नासाला, ही बातमी गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली.

तशी मराठीत ही परंपरा जुनी आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत सांगण्याचं काम करतीये. हौशी आकाश निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ ला सुरू झाली. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं होतात. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथं विज्ञान दिनाला जत्रेसारखी गर्दी असते.

पण पणदऱ्याहून पुणे जवळपास शंभर किलोमीटर, आणि खोडद त्याच्याही पुढं. तिथं जायचं तर शाळेनं एसटी ठरवावी लागते, नाहीतर आई-बापाला एक दिवसाचं काम सोडावं लागतं. त्यामुळं बहुतेक पोरांच्या वाट्याला येतं ते शाळेत येणारं वीस मिनिटांचं भाषण. म्हणून त्या वीस मिनिटांत काय सांगितलं जातं याला महत्त्व आहे.

पणदऱ्यापासून रॉकेट किती लांब?

अवकाशावरच्या व्याख्यानात साधारण तीन ठिकाणांची नावं येतात. श्रीहरिकोटा, बंगळुरू आणि नासा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे सगळं आपल्यापासून हजार किलोमीटर लांब आहे.

आता पणदऱ्याहून निघा. माळेगाववरून बारामती गाठा. पुढं इंदापूरच्या रस्त्याला लागा, भवानीनगर, सणसर करत जंक्शनला या. तिथून वळलं की वालचंदनगर येतं. दुतर्फा ऊस, मध्ये कारखान्याची वसाहत. या गावात वालचंदनगर इंडस्ट्रीजचा कारखाना आहे आणि तिथं इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात.

चांद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ ला जे रॉकेट उडालं त्याचं नाव एलव्हीएम-३. फोटो आठवा. मधे एक जाड नळकांडं आणि दोन्ही बाजूंना दोन उंच पांढरी नळकांडी. बाजूच्या त्या दोघांना एस-२०० म्हणतात. प्रत्येकाचा व्यास ३.२ मीटर आणि प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन. गंमत म्हणजे रॉकेट जमिनीवरून सुटतं तेव्हा फक्त ही दोनच पेटलेली असतात. मधलं इंजिन त्यानंतर पावणेदोन-दोन मिनिटांनी सुरू होतं. म्हणजे चांद्रयानाला जमिनीवरून उचललं ते या दोघांनी.

आणि या एस-२०० चे पोलादी भाग वालचंदनगरला तयार झाले होते. तिथंच त्यांची दाबाची चाचणीही झाली. मुंबईत पवईला एल अँड टी कंपनीसुद्धा असे भाग बनवते. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची इंजिनं बनतात. इस्रो डिझाइन करते, तपासते, जोडते, उडवते. पण पत्रा वाकवणं, जोडणं, घासणं हे काम देशभरातल्या कारखान्यांमध्ये चालतं.

पण उसाच्या पट्ट्यात रॉकेट कुठून आलं?

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात या माळावर साखर कारखाना काढला. हेच वालचंद पुढं १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानं बनवणारी कंपनी काढण्यात पुढं होते, आजची एचएएल तीच.

साखर कारखाना म्हटलं की बॉयलर आला, टर्बाइन आलं, गिअरबॉक्स आले, रस आटवायच्या मोठ्या टाक्या आल्या. पुढं वालचंदनगरमध्ये साखर कारखान्यांची यंत्रंच बनायला लागली. जाड पोलादाची प्लेट गोल वाकवायची, तिचे सांधे असे वेल्ड करायचे की आतल्या दाबानं फुटता कामा नयेत, ही कला तिथल्या कामगारांच्या हातात बसली. त्या जोरावर अणुभट्टीचे भाग आले आणि रॉकेटचेही आले.

कारण घन इंधनाच्या रॉकेटचं कवच म्हणजे शेवटी काय? आतून प्रचंड दाब सोसणारं एक भांडं. बॉयलर म्हणजेही दाब सोसणारं भांडंच. फरक एवढा की रॉकेटचं भांडं हलकं पाहिजे, म्हणून त्याला मॅरेजिंग स्टील नावाचं खास पोलाद लागतं. त्याची गोल कडी बनवतात, कड्या एकमेकींना वेल्ड करतात, सांध्याची आतून तपासणी करतात, ठरलेल्या तापमानाला भाजतात आणि मग दाब देऊन बघतात. एका सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी सगळं रॉकेट जाऊ शकतं.

आता पणदऱ्याच्या शेजारी माळेगावचा साखर कारखाना आहे. गळीत हंगामात तिथली पोरं रोज बॉयलरची चिमणी बघतात. वीस मिनिटांच्या भाषणात जर कुणी एवढं सांगितलं की "तो बॉयलर आणि चांद्रयानाचं रॉकेट एकाच इंजिनिअरिंगची भावंडं आहेत", तर त्या पोराच्या डोक्यात इस्रो एकदम आपल्या शिवारात येतं.

बरं, मग फॉर्म कुठं मिळतो?

आता त्या मागच्या रांगेतल्या पोराच्या प्रश्नाकडं येऊ. इस्रो म्हटलं की सगळ्यांना फक्त शास्त्रज्ञ आठवतो. पण आत जायचे रस्ते तीन-चार आहेत आणि ते वेगवेगळ्या वयात सुरू होतात.

पहिला रस्ता नोकरीचा नाही, बघण्याचा. इस्रोचा युविका नावाचा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. नववीतली मुलं निवडून त्यांना सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवतात. प्रवास, राहणं, जेवण हा खर्च इस्रो करते. निवड आठवीचे मार्क, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग अशा गोष्टींवर होते, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकत असाल तर त्याचे वेगळे गुण मिळतात. म्हणजे पणदऱ्यातल्या शाळेतलं पोरगं इथं पुण्यातल्या पोराच्या एक पाऊल पुढं सुरुवात करतं.

आणि याचे अर्ज कधी निघतात? २०२४ मध्ये २० फेब्रुवारी ते २० मार्च. २०२५ मध्ये २४ फेब्रुवारी ते २३ मार्च. म्हणजे २८ फेब्रुवारीला शाळेत पाहुणे अवकाशावर बोलत असतात तेव्हा हा अर्ज बहुतेक उघडा असतो. समोर नववीचा अख्खा वर्ग बसलेला असतो. आणि भाषणात मंगळाचं वातावरण येतं, पण अर्जाची तारीख येत नाही. एक वर्ष गेलं की ते पोरगं दहावीत जातं आणि ती संधी कायमची संपते.

दुसरा रस्ता आयटीआयचा. इस्रोच्या केंद्रांमध्ये टेक्निशियन-बी नावाचं पद असतं. त्याला लागतं दहावी पास आणि आयटीआय. ट्रेड कुठले? फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार २१,७०० पासून सुरू, वर भत्ते. गावात आयटीआयला अजूनही "मार्क कमी पडले म्हणून टाकला" असं म्हणतात. पण रॉकेटचा सांधा जोडणारा माणूस याच रस्त्यानं गेलेला असू शकतो.

तिसरा रस्ता डिप्लोमाचा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, आणि फर्स्ट क्लास. त्यावर टेक्निकल असिस्टंट हे पद. मूळ पगार ४४,९०० पासून.

चौथा रस्ता डिग्रीचा. शास्त्रज्ञ किंवा इंजिनिअर 'एससी' या पदाला बीई किंवा बीटेकला किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए लागतो, मूळ पगार ५६,१०० पासून. इथं एक गैरसमज मोडायला पाहिजे. बऱ्याच पालकांना वाटतं, इस्रोसाठी एअरोस्पेसच लागतं, मग लाखो रुपये फी भरून लांबच्या कॉलेजात पाठवतात. पण इस्रोच्या मोठ्या भरत्या निघतात त्या मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांसाठी. या शाखा माळेगावात आणि बारामतीत शिकता येतात. ज्याला थेट अवकाश विषयातच डिग्री घ्यायची आहे त्याच्यासाठी तिरुवनंतपुरमची आयआयएसटी आहे, तिथल्या बीटेकला जेईई ॲडव्हान्स्डमधून जावं लागतं.

हे रस्ते एकमेकांना जोडलेलेही आहेत. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावीला मार्क कमी पडले म्हणून दार बंद झालं असं नाही, रस्ता थोडा लांबतो.

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. हे एक वाक्य दहावी-बारावीच्या वर्गात कुणी नीट सांगितलं, तर एखाद्या घरात पोरीचं लग्न की शिक्षण या चर्चेचा निकाल बदलू शकतो.

आता खरं तेही सांगायला पाहिजे. इस्रोत जागा मोजक्या निघतात आणि अर्ज प्रचंड येतात. फक्त इस्रोकडं डोळे लावून बसणं परवडणारं नाही. पण २०२० नंतर केंद्र सरकारनं अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलंय, आणि रॉकेट-उपग्रहांचे भाग पुरवणारे कारखाने आधीपासूनच आहेत. चांगला वेल्डर, चांगला सीएनसी ऑपरेटर, चांगला तपासणी करणारा इंजिनिअर इस्रोत गेला नाही तरी बेकार राहत नाही. भाषणात "स्वप्न मोठं बघा" म्हणताना याचीही माहिती द्यावी लागेल.

हवामान बदल म्हणजे पांढरं अस्वल नाही, नीरा डावा कालवा

दुसरा ठरलेला विषय हवामान बदल. पडद्यावर वितळणारा बर्फ येतो, त्यावर पांढरं अस्वल येतं. पणदऱ्याच्या पोराला ते टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमासारखं वाटतं.

त्याच्या घरात गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं जे दुष्काळी तालुके जाहीर केले त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. ऑक्टोबर २०२० मध्ये याच भागात परतीच्या दिवसांत एवढा पाऊस झाला की शेतं वाहून गेली. मे २०२५ मध्ये तर मान्सून २४ तारखेलाच केरळात आला, २६ ला मुंबईत पोहोचला आणि त्याच दिवसांत बारामतीत धो धो पाऊस पडून पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. मे महिना म्हणजे विहिरी तळाला जाण्याचा महिना, आणि त्यात कालवा फुटतो.

यातली एक घटना उचलून "हा हवामान बदल" असं लगेच म्हणता येत नाही. पाऊस कमी-जास्त होत आलाच आहे. पण यामागचं विज्ञान शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत समजेल असं आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मग पाऊस लांबतो तेव्हा जमीन जास्त वाळते आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. हा अभ्यास पुण्यातला आहे, आपल्या पावसाचा आहे. तो व्याख्यानात यायला हवा.

त्यापुढं एक हिशोब फळ्यावर मांडता येईल. बारामतीत वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला कमीत कमी १५०० मिलिमीटर पाणी लागतं. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर. म्हणजे एका एकर उसाला लागतं ६० लाख लिटर पाणी आणि पावसातून मिळतं २० लाख, तेही सगळं मुरलं तर. उरलेलं ४० लाख लिटर येतं कुठून? कालवा, विहीर आणि बोअरमधून.

आणि हा कालवा तरी काय आहे? १८७६-७७ च्या भयानक दुष्काळानंतरच्या काळात, १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी बांधलेला. म्हणजे हवामानाच्या संकटावर काढलेला इंजिनिअरिंगचा तोडगा पणदऱ्याच्या शिवारातून आजही वाहतोय. त्यानं जिरायत पट्टा बागायत केला. पण पाणी मोकळं सोडत राहिल्यानं याच पट्ट्यात क्षारपड जमिनीही तयार झाल्या. एका तोडग्यातून दुसरा प्रश्न कसा निघतो, हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

मग यावर काम करणारी माणसं कुठं भेटतील? पणदऱ्याहून बारामतीला जातानाच. माळेगाव खुर्दला केंद्र सरकारची एक संशोधन संस्था २००९ ला सुरू झाली, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. कीड-रोग सोडून पिकाला जो त्रास होतो, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार, साचलेलं पाणी, त्यावर उपाय शोधणं. देशाच्या या कामाची संस्था आपल्या रस्त्यावर आहे, आणि गावातल्या कितीतरी पोरांना ती फक्त बसमधून दिसणारी कमान म्हणून माहिती असते.

तिथंच शारदानगरला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या सोबतीनं त्यांनी एआयवरचा ऊस घेतला. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला बारामतीच्या उसावर बोलले आणि त्याची जगभर चर्चा झाली. त्यात होतं काय? उपग्रहाचे फोटो, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, आणि ही सगळी माहिती जोडून कधी किती पाणी द्यायचं हे सांगणारा मोबाइल.

नीट बघा. उपग्रह म्हणजे अवकाश. पावसाचा अंदाज म्हणजे हवामान. सेन्सर आणि ठिबक म्हणजे इंजिनिअरिंग. व्याख्यानांचे तिन्ही विषय एका उसाच्या सरीत येऊन बसले. २०२२ मध्ये याच शारदानगरला राजीव गांधी सायन्स अँड इनोव्हेशन ॲक्टिव्हिटी सेंटर सुरू झालं, जिथं मुलांना प्रयोग हातानं करून बघता येतात. पणदऱ्याच्या शाळेला एका सकाळीत जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर.

म्हणजे नारळीकर, कल्पना चावला हे सांगायचंच नाही का?

सांगायचं. भरपूर सांगायचं. ताऱ्यांची गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो, तिथून कितीतरी जणांचं आयुष्य बदललंय. प्रत्येक भाषणाचं नोकरी मार्गदर्शन शिबिर केलं तर पोरं विज्ञानाकडं कुतूहलानं बघणारच नाहीत, ही भीती खरी आहे. नुसता पगाराचा आकडा सांगून कुणी शास्त्रज्ञ होत नाही.

पण शहरातल्या आणि गावातल्या पोराला तेच भाषण सारखं पोहोचत नाही. शहरातल्या पोराला भाषण ऐकून ओढ लागली तर घरी कुणी तरी इंजिनिअर असतो, क्लासवाले असतात, शेजारची ताई आयआयटीत असते. पुढची पायरी त्याला आपोआप कळते. पणदऱ्यातल्या ज्या पोरीचे आई-वडील दहावीच्या पुढं शिकले नाहीत तिच्यासाठी ती पायरी सांगणारं माणूस वर्षातून एकदाच येतं, विज्ञान दिनाचा पाहुणा म्हणून. त्यानं ती सांगितली नाही तर दुसरं कोण सांगणार?

त्यामुळं वीस मिनिटांची वाटणी सोपी आहे. दहा मिनिटं गोष्ट, मंगळापासून कृष्णविवरापर्यंत काहीही. पाच मिनिटं जवळचं उदाहरण, जे पोरांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि शेवटची पाच मिनिटं पुढच्या पायरीची. कुठला अर्ज, कुठली तारीख, कुठला ट्रेड, किती फी, कोण माफ करतं. हे तोंडी सांगून विसरलं जातं, म्हणून एका कागदावर लिहून शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवलं तर फार बरं.

आणि दरवेळी प्राध्यापकच कशाला बोलवायचे? वालचंदनगरला रॉकेटच्या कामावर राहिलेला एखादा निवृत्त वेल्डर, कालव्यावर पाणी सोडणारा शाखा अभियंता, माळेगावच्या संस्थेत काम करणारी संशोधक, साखर कारखान्याचा बॉयलर अटेंडंट, हे सगळे एक तासाच्या अंतरावर आहेत. त्यांना इंग्रजीत स्लाइड करायची गरज नाही. आपल्या भाषेत, आपल्या हातानं केलेलं काम सांगायचं. शाळेनं एक फोन केला तर बऱ्याच जणांना यायला आवडेल.

हे सगळं कमी खर्चात होणारं आहे. त्याला नासाचं तिकीट लागत नाही. जिल्हा परिषदेनं ७५ मुलं निवडली हे चांगलंच केलं, पण परीक्षेला बसलेली बाकीची हजारो मुलं तिथंच राहिली. त्यांच्यासाठी जंक्शनचा रस्ता आहे, शारदानगर आहे, आणि फेब्रुवारीतला एक अर्ज आहे.

आमच्या शाळेतल्या त्या पोराच्या वेळी युविका नव्हतं. आज आहे. त्यामुळं यंदा २८ फेब्रुवारीला तुमच्या गावच्या शाळेत व्याख्यान असेल आणि मागच्या रांगेतून कुणी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर तयार ठेवा. फॉर्म इस्रोच्या वेबसाइटवर असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, १ जानेवारीला नववीत असलेल्या कुणालाही भरता येतो, आणि गावातल्या शाळेला जास्तीचे गुण आहेत.